खोदलेल्या जमिनीचा जीर्णोद्धार

महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांत दगडी कोळसा नाहीं, व तो पुढेंमागें सांपडेल अशी आशाही कोणीं बाळगूं नये. असें असतां कोळशाच्या उघड्या खाणींचा विषय आम्हीं वाचकांपुढें कां मांडावा, असा प्रश्न साहजिकच उत्पन्न होईल. त्यास आमचें उत्तर असें कीं, जमिनीचें पोट फाडून आंतील माल बाहेर काढावयाचा आणि मग त्याच जागीं पुन्हां कांहीं पिकवावयाचें, ही विद्या मनुष्यानें मुख्यतः कोळशाच्या खाणींवर शिकून घेतली आहे. आपल्याकडे कोळसा निघत नसला, तरी काळा दगड, मुरूम व माती हीं निघतच आहेत. मुंबई-गोवा महामार्गाचें रुंदीकरण, गांवोगांवचे रस्ते, घरांचे पाये व भराव यांसाठीं कितीएक टेकड्यांच्या कुशी कापल्या गेल्या. त्यांत भर म्हणून २००५ व २०२१ सालच्या दरडींनीं व पुरांनीं कित्येक खाचरें दगडगोट्यांखालीं गाडलीं. यंत्रानें उलटी केलेली जमीन आणि दरडीनें उलटी केलेली जमीन, या दोहोंचा रोग पुष्कळ अंशीं एकच आहे. यास्तव उपायही पुष्कळ अंशीं एकच आहेत.

ते उपाय सविस्तर सांगण्यापूर्वीं त्यांचें सार येथेंच सांगून ठेवतों. वरची माती आणि पाण्याची वाट, या दोन गोष्टी ज्यानें पहिली कुदळ पडण्यापूर्वीं सांभाळल्या, त्याची जमीन पुन्हां उभी राहते. ज्यानें त्या ‘मागाहून पाहूं’ म्हणून ठेवल्या, त्याच्या जमिनीवर पुढें कितीही झाडें लाविलीं तरी तीं बहुधा वाळूनच जातात.

आपल्या जमिनीची घडण

सह्याद्रीचा हा सर्व भाग अग्निजन्य काळ्या खडकाचा आहे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं जमिनीच्या भेगांतून तप्त रस वारंवार बाहेर आला, एकावर एक पसरला व थिजला. महाबळेश्वराकडून पोलादपुराकडे घाट उतरतांना कड्यांत जे पायऱ्यांसारखे पट्टे दिसतात, ते हेच थर होत. प्रत्येक थरांत कांहीं भाग घट्ट, तर कांहीं भाग जाळीदार व ठिसूळ असतो. आणि दोन थरांच्या मध्यें पुष्कळ ठिकाणीं तांबड्या मातीचा पातळ पट्टा सांपडतो. पावसाचें पाणी भेगांतून व जाळीदार भागांतून खालीं उतरतें, घट्ट खडकावर अथवा तांबड्या पट्ट्यावर येऊन अडतें, आणि उताराच्या अंगास झऱ्याच्या रूपानें बाहेर पडतें. मुरूम म्हणजे हाच खडक कुजून झालेला भुसभुशीत थर होय. त्याच्यावर जी खरी शेतीची माती आहे, ती वरकस उतारांवर पुष्कळदां वीतभरही नसते. आणि ती वीतभर माती तयार होण्यास शेंकडों वर्षें लागलेलीं असतात.

आतां पाण्याचा हिशोब पाहूं. सावित्री जेथें उगम पावते त्या महाबळेश्वरीं वर्षास सरासरीनें २०० इंचांहून अधिक पाऊस पडतो; खालीं महाड-पोलादपुरासही तो १०० इंचांहून अधिक आहे, आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत पडतो. एक एकर जमिनीवर एक इंच पाऊस पडला म्हणजे सुमारें एक लक्ष लिटर पाणी पडलें. म्हणजे आपल्या प्रत्येक एकरावर चार महिन्यांत एक कोटी लिटरांहून अधिक पाणी उतरतें. झाकलेली जमीन त्यांतलें कांहीं पिते व उरलेलें सावकाश वाहूं देते. उघड्या केलेल्या जमिनीवरून तेंच पाणी माती घेऊन धांवतें, आणि ती माती शेवटीं सावित्रीच्या व गांधारीच्या पात्रांत जाऊन बसते.

कोळशाच्या खाणींत काय होतें

दगडी कोळसा आपल्या खडकाहून पुष्कळ जुन्या, सुमारें पंचवीस कोटी वर्षांपूर्वींच्या व त्याहूनही जुन्या थरांत सांपडतो. महाराष्ट्रांत हे थर पूर्व विदर्भांत, म्हणजे नागपूर, चंद्रपूर व यवतमाळ या जिल्ह्यांत आहेत. वरोऱ्यास एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतच खाण सुरू झाली होती. १९७३ सालीं देशांतील कोळशाच्या खाणींचें राष्ट्रीयीकरण झालें व १९७५ सालीं वेस्टर्न कोलफील्ड्स ही सरकारी कंपनी नागपुरास स्थापन झाली. पूर्वीं भुयारें खणून कोळसा काढीत. पुढें उमरेड, गोंडेगांव, दुर्गापूर, सास्ती अशा ठिकाणीं वरचें सर्व आवरण काढून टाकून उघड्या खाणी करण्यांत आल्या.

अशा खाणींत तीन अनर्थ होतात. पहिला, थरांचा क्रम उलटतो. वर काळी माती, तिच्याखालीं पिवळट चिकणमाती, तिच्याखालीं वाळूचा दगड व त्याखालीं कोळसा, असा मूळ क्रम असतो. खोदतांना जें आधीं निघतें तें ढिगाच्या तळाशीं जातें आणि जें शेवटीं निघतें तें माथ्यावर बसतें. म्हणजे ज्या मातींत बीं रुजावयाचें, ती शंभर फूट खालीं गाडली जाते व ज्या दगडानें कधीं ऊन पाहिलें नाहीं तो वर येतो. दुसरा, माल फुगतो. एक ब्रास घट्ट खडक फोडला कीं त्याचा सव्वा ते दीड ब्रास ढीग होतो. हा ढीग पुढें कित्येक वर्षें खचत राहतो व पावसांत घसरतो. चंद्रपुराजवळ इरई नदीच्या कांठीं असे ढीग उभे राहिल्यानें त्यांची माती पात्रांत उतरते व पूर चढतो, ही तेथील लोकांची जुनी तक्रार आहे. तिसरा अनर्थ पाण्याचा. खाण जसजशी खोल जाते तसतसें भोंवतालच्या जमिनींतलें पाणी तिच्यांत उतरतें, तें पंपांनीं उपसावें लागतें, व जवळच्या विहिरींची पातळी खालीं जाते. शिवाय कोळशाबरोबर गंधक व लोह यांचें जें खनिज असतें, त्यास हवा व पाणी लागलें कीं तेजाब तयार होतो, व तें आंबट पाणी पिकांस व मासळीस बाधतें.

या अनर्थांवर जे उपाय ठरले ते थोडक्यांत असे : खोदण्यापूर्वीं वरची माती वेगळी काढून ठेवावी, ढिगास पायऱ्या पाडून त्याचा एकंदर उतार २८ अंशांहून अधिक ठेवूं नये, पायथ्याभोंवतीं चर खणून त्यांतील गढूळ पाणी आधीं गाळ बसविण्याच्या तळ्यांत न्यावें, माथ्यावर माती पसरून आधीं गवत व शेंगवर्गी झाडोरा आणावा आणि मग झाडें लावावींत. याकरितां पैसाही आधींच बाजूस ठेवावा लागतो. कोळसा मंत्रालयानें २००९ सालीं जे नियम केले, त्यांप्रमाणें उघड्या खाणीच्या दर हेक्टरामागें सहा लक्ष रुपये या पायावर रक्कम ठेवावयाची होती. एकरास ती सुमारें दोन लक्ष चाळीस हजार पडते. खाण बंद झाल्यावर कंपनी पैसा देईल असें न मानतां तो खाण चालूं असतांनाच ठेवून घ्यावा, हें त्यांतलें तत्त्व प्रत्येक शेतकऱ्यानें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

माती मुळींच शिल्लक नसेल तर काय करावें, याचा धडा नागपूर जिल्ह्यांतील गुमगांवच्या मँगनीजच्या खाणींवर मिळाला. तेथील उघड्याबोडक्या ढिगांवर नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधन संस्थेनें साखर कारखान्याची मळी घातली, आणि झाडांच्या मुळांशीं राहणारी उपकारक बुरशी व हवेंतला नत्र धरणारे जंतु यांचें विरजण लावून झाडें वाढविलीं. यावरून असें दिसतें कीं, नुसता खड्डा खणून रोप लावणें म्हणजे लागवड नव्हे. मातींतलें अदृश्य जीवन आधीं परत आणावें लागतें.

परदेशांतही अनुभव असाच आहे. अमेरिकेंत १९७७ सालीं झालेल्या कायद्यानें वरची माती वेगळी काढून ती परत घालणें खाणवाल्यांस बंधनकारक झालें. उत्तम शेतजमीन असेल तर वरचा व त्याखालचा असे मातीचे थर निरनिराळे ठेवावे लागतात. जर्मनींत कोलोन शहराच्या पश्चिमेस तपकिरी कोळशाच्या मोठ्या उघड्या खाणी आहेत. तेथें भरावावर सुमारें साडेसहा फूट जाडीचा सुपीक मातीचा थर पसरतात, आणि पहिलीं तीन वर्षें त्यांत धान्य न घेतां लसूणघास ठेवतात. त्याचीं मुळें माती बांधतात व नत्र जमवितात. ज्या जमिनीस एकदां उलटें केलें, तिच्याकडून पहिल्याच वर्षीं पीक मागूं नये, हा त्याचा अर्थ.

आपल्याकडील फरक

वरील सर्व जसेंच्या तसें उचलतां येणार नाहीं. आपल्या काळ्या खडकांत कोळशाबरोबरचें तें गंधकी खनिज नसल्यामुळें आपल्या खाणींत आंबट पाणी होण्याचें भय नाहीं. मुरुमांत चुना व मॅग्नेशियम यांचा अंशही बरा असतो. उणीव असते ती नत्राची व कुजलेल्या काडीकचऱ्याची. हा आपला लाभ. उलटपक्षीं आपला उतार तीव्र, मातीचा थर पातळ आणि पाऊस विदर्भाच्या दुपटीहून अधिक. तेथें जी चूक दहा वर्षांत उघड होते, ती येथें एका आषाढांत उघड होते.

आणि ही चूक केवळ पिकापुरती राहत नाहीं. २००५ सालच्या २५ व २६ जुलैच्या पावसांत महाड तालुक्यांतील दासगांव, जुई, रोहन व कोंडिवते येथें दरडी कोसळून दीडशेंहून अधिक माणसें गेलीं. २२ जुलै २०२१ रोजीं तळिये येथें ऐंशींहून अधिक माणसें गेलीं, व त्याच पावसांत पोलादपूर तालुक्यांत केवनाळे व साखर-सुतारवाडी येथेंही दरडी आल्या. अशा अतिवृष्टींत खडकावरचा मातीचा व कुजलेल्या मुरुमाचा थर पाणी पिऊन जड होतो व खालच्या खडकावरून सुटतो. या दरडींचें खापर आम्ही कोणा एका खाणीवर फोडीत नाहीं. परंतु उताराचा पाय कापला म्हणजे वरचा भार निराधार होतो, हें समजण्यास शास्त्रज्ञ लागत नाहीं. बांधाचा पायथ्याचा दगड काढणाऱ्या मुलासही तें समजतें. म्हणून वाडीच्या वर किंवा वाडीच्या पाठीशीं असलेल्या उताराच्या पायथ्याशीं, दर कितीही मिळो, मुरूम काढूं देऊं नये.

खोदण्यापूर्वीं

मुरूम ब्रासाच्या हिशोबानें जातो, म्हणून मातीचाही हिशोब ब्रासांतच करूं. एक एकरावरील सहा इंच माती म्हणजे २१,७८० घनफूट, अर्थात् सुमारें २१८ ब्रास. ती सहा फूट उंचीनें रचली तर साडेतीन गुंठ्यांहून थोडी कमी जागा लागते. बाजूंचा उतार धरून पांच गुंठे पुरे. म्हणजे चाळीस गुंठ्यांतील पांच गुंठे मोकळे ठेवले कीं पुढच्या पिढीची माती वांचते. ढीग सहा फुटांहून उंच करूं नये, कारण आंतील जीवजंतु हवेवांचून मरतात. त्यावर पहिल्या पावसाबरोबर ताग किंवा धैंचा पेरावा व खालच्या अंगास दगडांची ताल घालावी. माती दोन-तीन पावसाळ्यांहून अधिक काळ ढिगांत ठेवूं नये.

दुसरें काम पाण्याचें. जेथें खोदावयाचें त्याच्या वरच्या अंगास, वरून येणारें पाणी बाजूच्या नैसर्गिक ओहळांत नेणारा चर आधीं खणावा. येथें एक इशारा देणें अवश्य आहे. पाणी जिरविण्याचे सपाट चर पुष्कळ ठिकाणीं उपकारक असतात. पण जेथें मातीचा थर जाड आहे, उतार तीव्र आहे व खालीं वस्ती आहे, तेथें पाणी मुरविणें म्हणजे उतारावरचा भार वाढविणें होय. अशा जागीं चरास हलका ढाळ द्यावा व पाणी वस्तीपासून दूर काढून द्यावें. तसेंच जेथें झरा आहे त्याच्या वरचा उतार मुळींच कापूं नये. झऱ्याची वाट एकदां तुटली म्हणजे ती हातांनीं जोडतां येत नाहीं.

तिसरें काम कागदाचें. सातबारा आपला म्हणून खालचा मुरूमही आपलाच, अशी समजूत पुष्कळांची असते. परंतु १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या ४८ व्या कलमानें खनिजांवर शासनाचा हक्क ठेविला आहे, आणि मुरूम, माती व दगड हीं गौण खनिजें काढण्यास २०१३ च्या नियमांप्रमाणें परवानगी व रॉयल्टी लागते. ठेकेदारानें परवानगीहून अधिक खोदलें तर दंडाचा बोजा जमीनधारकाच्या उताऱ्यावर चढूं शकतो. म्हणून करार तोंडी करूं नये. किती खोल, किती ब्रास, कोणत्या तारखेपर्यंत, माती कोठें ठेवावयाची, शेवटीं उतार किती ठेवून द्यावयाचा, हें सर्व लिहून घ्यावें; आणि जमीन सपाट करून माती परत पसरीपर्यंत मोबदल्याचा एक भाग आपल्या हातीं अनामत राहील असें कलम घालावें. पोकलेन व डंपर एकदां रस्त्यास लागले म्हणजे ते परत बोलावणें कठीण.

खोदल्यानंतर

मुरुमाचा खड्डा उभ्या कड्यानें सोडूं नये. एक फूट उंचीस दोन फूट पाया असा, म्हणजे २७ अंशांच्या आसपासचा ढाळ द्यावा, किंवा आपल्या वरकस शेताप्रमाणें ताली घालून पायऱ्या पाडाव्या. यंत्रांच्या चाकांनीं तळ घट्ट झालेला असतो. तो दीड-दोन फूट खोल फोडल्यावांचून वर माती घालूं नये, नाहीं तर पहिल्या मोठ्या सरीबरोबर ती घसरून जाईल. माती पसरण्याचें काम वैशाखांत पुरें करावें व मृगाच्या पावसावर ताग, धैंचा अथवा स्टायलो दाट पेरावें. ताली व कडा यांवर वाळा व पवना गवत लावावें. दुसऱ्या वर्षीं गिरिपुष्प व शेवरी, तिसऱ्या वर्षीं खैर, ऐन, किंजळ, शिवण, करंज, बांबू हीं लावावींत. प्रत्येक खड्ड्यांत शेणखताबरोबर, त्याच जातीच्या जुन्या झाडाखालची दोन ओंजळी माती घालावी; मुळांशीं राहणारी बुरशी तींतून फुकट मिळते. ऑस्ट्रेलियन बाभूळ लवकर हिरवी दिसते म्हणून पुष्कळ लोक तीच लावतात. पण तिचा पाला सावकाश कुजतो व तिच्याखालीं गवत नीट येत नाहीं. जमीन हिरवी दिसणें व जमीन सुधारणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत. तीन वर्षें चराई बंद ठेवावी. चवथ्या वर्षीं नाचणी-वरीचा एक लहान तुकडा करून पाहावा. काजू लावावयाचा असल्यास त्यापूर्वीं मातीचें परीक्षण करून घ्यावें.

खाणीचें तळें

काळ्या दगडाची खोल खाण भरून काढणें बहुधा परवडत नाहीं. तिचें तळें करणें हाच शहाणा मार्ग, आणि त्याचें उदाहरण आपल्या तालुक्यांतच आहे. गडावर बांधकामास दगड हवा व माणसांस पाणी हवें. म्हणून जेथून दगड काढावा तेथेंच पाणी सांठवावें, ही दुर्ग बांधणारांची जुनी रीत रायगडावरही दिसते. परंतु प्रत्येक खड्डा पाणी धरीत नाहीं. रायगडावरील हत्ती तलावांत बरींच वर्षें पाणी टिकत नसे. गळती बुजविल्यानंतर २०२० च्या पावसाळ्यांत तो भरला. म्हणून पहिल्या वर्षीं खाणींत पाणी कोठपर्यंत राहतें व मार्गशीर्षापर्यंत किती उतरतें हें खुणा करून पाहावें, आणि मग भेगा चिकणमातीनें किंवा सिमेंटानें भराव्या.

दहा गुंठ्यांची व दहा फूट पाण्याची खाण सुमारें तीस लक्ष लिटर पाणी धरते. त्यांतलें अर्धें वाफेनें व झिरपून गेलें असें धरलें, तरी उरलेल्या पंधरा लक्षांत एका एकरास तीन-तीन इंचांचीं पांच पाणीं देतां येतात. उन्हाळी भाजीपाल्यास हें थोडें नव्हे. मात्र एका बाजूनें गुरांस उतरण्याजोगा ढाळ करावा व बाकीच्या बाजूंस कुंपण घालावें. उभ्या कड्याच्या खाणींत पडलेलें जनावर किंवा पोर वर येऊं शकत नाहीं. वस्तीच्या वरच्या अंगास असें तळें कधींही करूं नये.

दरडीखालील व पुराखालील शेत

दरडीनें गाडलेल्या खाचरांत सरसकट यंत्र घालूं नये. आधीं जागोजाग खड्डे घेऊन जुनी माती किती खोल आहे तें पाहावें. ती दोन-तीन फुटांखालीं असेल तर दगडगोटे काढून तिच्यापर्यंत पोंचणें फायद्याचें. त्याहून खोल असेल तर वरच्या भरावासच नवी जमीन समजून मुरुमाच्या खड्ड्याप्रमाणें वागवावें. निघालेले धोंडे ओहळांत न लोटतां तालींत लावावे. २०२१ च्या पुरानंतर सावित्री व गांधारी यांच्या पात्रांतून गाळ काढण्याचें काम हातीं घेण्यांत आलें. असा बारीक गाळ चार-सहा इंच घातला तर तो गेलेल्या मातीची जागा बऱ्याच अंशीं घेतो; पण जाड वाळू घेऊं नये. खाडीच्या भरतीचा किंवा औद्योगिक वसाहतीच्या खालच्या अंगाचा गाळ असेल, तर क्षार व इतर दोष यांचें परीक्षण केल्यावांचून तो शेतांत टाकूं नये. दापोलीचें कोंकण कृषि विद्यापीठ १९७२ पासून याच मातीवर काम करीत आहे. त्याचा सल्ला घेण्यास संकोच नको.

उतारावर नवी भेग दिसली, झाडें एका अंगास कललीं, स्वच्छ झरा एकाएकीं गढूळ झाला किंवा नव्या जागीं पाणी फुटलें, तर तेथें जमीन सुधारण्याचा विचार दूर ठेवून आधीं घर सोडावें व तहसील कचेरीस कळवावें.

जमीन विकली तर ती दुसऱ्याकडे जाते, पण ती कोठें तरी राहते. वरची वीतभर माती मात्र एकदां डंपरांतून भरावाखालीं गेली कीं ती कोणाचीच राहत नाहीं. तिचें मोल मुरुमाच्या दरांत कोणी धरीत नाहीं. म्हणून तें शेतकऱ्यानेंच धरलें पाहिजे. येत्या उन्हाळ्यांत ज्यांच्या दारीं ठेकेदार येईल, त्यांनीं दराचा प्रश्न विचारण्यापूर्वीं दोनच प्रश्न विचारावे : माझी माती कोठें ठेवणार, आणि माझें पाणी कोठून नेणार? या दोहोंचें उत्तर कागदावर मिळेपर्यंत कुदळ लागूं देऊं नये, इतकेंच आमचें सांगणें आहे.